डिझेलच्या पंपाला वीज कुणी द्यायची? दिंडोरीतल्या एका डेटा सेंटरचं प्रकरण

दिंडोरी तालुक्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरचं, म्हणजे सर्व्हर ठेवायच्या इमारतीचं, हे प्रकरण आहे. मालक कंपनीचं मुख्य डेटा सेंटर नवी मुंबईत. तिथे काही झालं तर काम थांबू नये म्हणून नाशिकला दुसरं. पहिल्या टप्प्यात २ मेगावॉट आयटी लोड, म्हणजे सर्व्हरना लागणारी वीज, आणि पुढच्या २ मेगावॉटसाठी जागा राखून. कंपनीचं आणि कंत्राटदारांची नावं देत नाही, त्याने काही बिघडतही नाही. मी या कामावर नियोजनाच्या बाजूने होतो.

इमारत वेळेत झाली. जनरेटर, ट्रान्सफॉर्मर, पाणी गार करणारे चिलर ही अवजड मंडळीही जवळपास वेळेत आली. तरी शेवटची, सगळी यंत्रणा एकत्र चालवून बघायची चाचणी नापास झाली, आणि तीही डिझेल ढकलणाऱ्या दोन छोट्या पंपांमुळे. हे पंप चालू का झाले नाहीत याचा माग काढत गेलं की एका द्राक्षबागेपाशी जाऊन पोचतो. म्हणून थोडं मागून सांगतो.

नाशिकच का

डेटा सेंटरची नैसर्गिक जागा मुंबई-नवी मुंबई. समुद्राखालच्या केबल मुंबईत किनाऱ्याला लागतात, ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यात वीज मिळते आणि ग्राहकही तिथेच आहेत. पण दुसरं केंद्र त्याच खाडीकाठी बांधण्यात अर्थ नाही. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे विमा कंपन्या अजून विसरलेल्या नाहीत.

नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आणि मुंबईपासून रस्त्याने १६५-१७० किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाशाला एका किलोमीटरला साधारण ५ मायक्रोसेकंद लागतात. केबलचा मार्ग वळसे घेत २२० किलोमीटर धरला तरी जाऊन-येऊन सव्वादोन मिलिसेकंदांच्या आत काम होतं. वाटेतल्या यंत्रांचा थोडा वेळ त्यात मिळवला तरी एकाच वेळी दोन्हीकडे नोंद करणाऱ्या डेटाबेसला हे चालतं. नागपूर किंवा हैदराबादला ते जमलं नसतं.

फायबरच्या बाबतीत एक गोष्ट मात्र बोलून ठेवायला हवी. दोन वेगळ्या कंपन्यांचं फायबर घेतलं की दोन मार्ग मिळाले असं पुष्कळ जण धरून चालतात. नकाशे मागवले तेव्हा दोन्ही केबल कसारा घाटातूनच येत होत्या. घाटात दरड कोसळली किंवा रस्त्याचं काम निघालं की दोन्ही एकदमच जाणार. शेवटी एक घाटातून आणि दुसरी पुणे-सिन्नर बाजूने, असं ठरलं. दुसरी लांब पडते, पण ती तिकडून येते हाच तिचा उपयोग.

पुराचं म्हणाल तर नाशिकलाही गोदावरीचा पूर आहेच. पाणी गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठपर्यंत आलं यावरून इथली माणसं पूर मोजतात, आणि २००८, २०१६, २०१९ ही वर्षं सगळ्यांच्या लक्षात आहेत. प्लॉट निळ्या आणि लाल, दोन्ही पूररेषांपासून बराच दूर, चढावर होता. तो मुद्दा एका बैठकीत संपला.

पाणी

पाण्याचा मुद्दा एका बैठकीत संपला नाही. पाण्यावर चालणारे चिलर आणि कूलिंग टॉवर घेतले की वीज कमी लागते. मालकाच्या सल्लागाराने तेच सुचवलं होतं. पण टॉवर उष्णता बाहेर टाकतो ती पाणी उडवून. एक युनिट उष्णता घालवायला साधारण दीड लिटर पाणी वाफ होतं. दोन्ही टप्पे धरून ४ मेगावॉट म्हणजे दिवसाला ९६,००० युनिट, म्हणजे जवळजवळ दीड लाख लिटर. शिवाय क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यायचं पाणी वेगळं.

हे पाणी पालखेड, करंजवण, वाघाडच्या मुलखात मागायचं होतं. इथे पाण्याचं आवर्तन कधी सुटतं यावर बागांची गणितं चालतात. पाऊस कमी झाला की जायकवाडीला पाणी सोडण्याचा वाद उभा राहतो. २०२३ मध्ये नाशिक आणि नगरच्या धरणांतून सुमारे ८.६ टीएमसी सोडायचा आदेश निघाला तेव्हा काय वातावरण होतं ते इथल्यांना सांगायला नको. अशा ठिकाणी कागदावर मंजूर झालेलं पाणी मे महिन्यात नळाला येईलच, असं गृहीत धरून २४ तास चालणारी इमारत बांधणं मला पटत नव्हतं. शेवटी हवेवर थंड होणारे चिलर घेतले. विजेचं बिल जास्त येतं हे खरं. पण सर्व्हरच्या तोंडाशी १८ ते २७ अंश चालतात, त्यामुळे गार पाणी १८-२० अंशांवर ठेवता येतं, आणि नाशिकच्या हिवाळ्यातल्या रात्री बाहेरची हवाच एवढी थंड असते की कॉम्प्रेसरला बरीचशी विश्रांती मिळते. नाशिकच्या थंडीचा असा उपयोग वायनरीवाल्यांखेरीज फारसं कुणी करत नाही.

वेळापत्रक उलटं मांडलं

मालकाकडून पहिला बार चार्ट आला तो घर बांधायच्या क्रमाने. भूमिपूजन दसऱ्याला, पाया, कॉलम, स्लॅब, प्लास्टर, आणि शेवटच्या चार महिन्यांत 'इलेक्ट्रिकल व इतर'. असा चार्ट कारखान्याच्या शेडला चालतो. डेटा सेंटरमध्ये जेवढा पैसा भिंतींत जातो त्याच्या कितीतरी पट वीज आणि थंडाव्यात जातो, आणि वेळही तिथेच जातो. ट्रान्सफॉर्मर, २,००० केव्हीएचे जनरेटर, चिलर, यूपीएस यांची ऑर्डर दिल्यापासून माल येईपर्यंत कित्येक महिने जातात. तेवढ्यात साधी इमारत उभी राहते.

म्हणून चार्ट शेवटापासून मागे मांडला. तपासणीच्या पाच पायऱ्या धरल्या. पहिली कारखान्यात, माल निघण्यापूर्वी. दुसरी साइटवर माल उतरल्यावर आणि बसवल्यावर. तिसरी एकेक यंत्र पहिल्यांदा सुरू करताना. चौथी एकेक यंत्रणा पूर्ण भाराने. पाचवी सगळं एकत्र, मुद्दाम बिघाड करून. पाचवीची तारीख आधी लिहिली. तिच्या मागे चौथी, तिच्या मागे कायमचा वीजपुरवठा, त्याच्या मागे विद्युत निरीक्षकांची चार्जिंग परवानगी (वीज सोडायची परवानगी), आणि असं करत करत भूमिपूजनापर्यंत. तेव्हा दिसलं की स्विचगिअर (वीज जोडणारी-तोडणारी यंत्रं) आणि जनरेटरची ऑर्डर पाया खणायच्या आधीच जायला हवी. मालकाच्या लेखा विभागाला हे पचायला वेळ लागला. 'जमिनीत कुदळ नाही आणि ट्रान्सफॉर्मरला अ‍ॅडव्हान्स?' हा प्रश्न दोनदा आला.

नाशिकचा एक फायदा इथे मोठा झाला. अंबड-सातपूरला स्विचगिअर आणि पॅनेल बनवणारे कारखाने पिढीभरापासून आहेत. पहिली तपासणी अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर झाली. पॅनेलमध्ये एक बसबार जॉइंट, म्हणजे वीज वाहणाऱ्या जाड पट्ट्यांचा सांधा, हलका कसलेला निघाला, तो तिथेच उभं राहून सुधारून घेतला. हाच माल लांबून आला असता तर फोटो बघून सही झाली असती.

मजुरांचं कॅलेंडरही चार्टवर घेतलं. पेठ-सुरगाण्याकडची माणसं जुलैत आवणीला गावी जातात आणि भात लावून झाल्याशिवाय येत नाहीत. उत्तरेकडचे फॅब्रिकेटर होळी आणि छठला. मुकादम याला 'सुट्टी' म्हणत नाही, 'माणसं नाहीत' एवढंच म्हणतो. त्यामुळे छताचं वॉटरप्रूफिंग मृगाच्या आत आणि आतली केबल ट्रेची कामं पावसाळ्यात, अशी विभागणी केली.

काळी माती काढली, मग परत आणली

दिंडोरीत वर एक-दोन मीटर काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग काळा पाषाण. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. तिच्यावर फरशी टाकली तर फरशीही तसंच करेल. म्हणून बांधकामवाल्याने नियमाप्रमाणे इमारतीखालची सगळी काळी माती काढून मुरूम भरला आणि रोलर फिरवला. काम चोख.

इकडे अर्थिंगवाल्याने जमिनीचा रोध मोजला आणि कपाळाला हात लावला. काळी माती ओल धरते, त्यामुळे वीज जमिनीत मुरवायला ती उत्तम. मुरूम आणि पाषाण त्या मानाने अगदीच वाईट. त्याचा आराखडा जुन्या माती तपासणीवर, म्हणजे काळी माती जागेवर आहे असं धरून केलेला होता. पाषाणात खोल खड्डे घेऊनही आकडा फारसा खाली येईना. शेवटी उपाय सापडला तो प्लॉटच्या कोपऱ्यात. काढलेल्या काळ्या मातीचा ढीग अजून तिथेच पडून होता, पुढच्या आठवड्यात एक ठेकेदार तो उचलून नेणार होता. ढीग थांबवला, इमारतीभोवती मीटरभराहून खोल चर घेतला, पट्टी टाकली आणि तीच माती तिच्याभोवती भरली. एवढ्या खोलीवर ती उन्हाळ्यातही पूर्ण सुकत नाही. आकडा १ ओहमच्या खाली आला.

दोघांनीही आपापलं काम बरोबर केलं होतं. एकाच्या कामाने दुसऱ्याचं गृहीतक मोडलं, आणि दोघांच्या मध्ये बघणारं कुणी नव्हतं. आमच्या बैठकीत हे 'मातीचं प्रकरण' म्हणून हसत सांगितलं जायचं. ते हसण्यावारी न्यायला नको होतं, कारण तशीच दुसरी गोष्ट तेव्हा डिझेलच्या टाकीपाशी घडत होती.

बागेतली लाइन

सबस्टेशनपासून प्लॉटपर्यंत ३३ केव्हीची स्वतंत्र ओव्हरहेड लाइन ठरली होती. सर्व्हे झाला, खांबांच्या जागा ठरल्या. त्यातले काही खांब एका द्राक्षबागेच्या बांधावर येत होते आणि तारा बागेच्या कोपऱ्यावरून जात होत्या. नुकसानभरपाईचं बोलणं करायला गेलो तर बागवाल्या आबांचा प्रश्न पैशांचा नव्हताच.

"बाग मांडवाची आहे साहेब. लोखंडी अँगल, वर तारांचं जाळं. तुमची तार तुटून त्याच्यावर पडली तर अख्खी बाग करंट धरील. छाटणीला, थिनिंगला आत बाया-माणसं राहतात. कुणाला पत्ता लागायचा?"

तार तुटली की सबस्टेशनमधला ब्रेकर पडतो, संरक्षण असतं, वगैरे आमच्या इंजिनिअरने सांगितलं. आबांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि तालुक्यात कोणत्या गावी तार पडून बैल गेला तेवढं सांगितलं. मला विचाराल तर त्यांचं म्हणणं तांत्रिकदृष्ट्याही चुकीचं नव्हतं. तार कोरड्या जमिनीवर किंवा खडकावर पडली तर कधी कधी फॉल्टचा करंट इतका कमी असतो की रिले, म्हणजे ब्रेकर पाडणारं उपकरण, तो ओळखत नाही. आणि इथे तर खाली एकरभर धातूचं जाळं, ज्याला माणसं हाताने धरून काम करतात.

मार्ग बदलून वसाहतीच्या रस्त्याकडेने जमिनीखालून केबल न्यायचं ठरलं. अंतर वाढलं, खर्च तिपटीच्या आसपास गेला. मालक कुरकुरला, पण ओव्हरहेड लाइनपेक्षा वाऱ्या-वादळात केबल बरी, हे त्यालाही कळत होतं. खरी अडचण वेळेची झाली. रस्ता खोदायची परवानगी पावसाळ्यात मिळत नाही. आम्ही मे अखेरीला तिथे पोचलो होतो. खोदकाम पाऊस संपल्यावर सुरू झालं, रस्त्याखालून आडवं ड्रिलिंग करताना पाषाण लागला, आणि कायमचा पुरवठा ठरल्यापेक्षा बऱ्याच महिन्यांनी आला.

दरम्यान काम थांबवायचं कारण नव्हतं. डेटा सेंटरच्या भरवशाची टिअर नावाची प्रतवारी असते. त्यातल्या टिअर तीनच्या विचारात जनरेटर हाच वीजेचा खरा भरवसा मानतात, बाहेरची वीज म्हणजे स्वस्तातला पर्याय. जनरेटर तयार होते, म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या पायरीच्या चाचण्या त्यांच्यावरच केल्या. छोट्या-मोठ्या गोष्टींना बांधकामासाठी घेतलेलं टेंपररी कनेक्शन होतंच. निर्णय योग्य होता, आजही तसाच घेईन. पण टेंपररी कनेक्शनचा एक स्वभाव आहे. ते सगळीकडे पसरतं आणि त्याचा नकाशा कुणी काढत नाही.

टाकी ९९० लिटरचीच का

आता डिझेल. डिझेल पेट्रोलियम कायद्यात 'ब' वर्गात येतं. एकूण साठा २,५०० लिटरपर्यंत आणि कुठलंही एक भांडं १,००० लिटरपेक्षा मोठं नसेल तर परवाना लागत नाही. त्यापुढे गेलं की पेसो या केंद्राच्या पेट्रोलियम व स्फोटक सुरक्षा संस्थेचा परवाना, मंजूर नकाशा आणि सुरक्षित अंतरं. म्हणूनच देशभर जनरेटरशेजारची रोजच्या वापराची टाकी ९९० लिटरची दिसते. आमच्याकडे मोठा साठा जमिनीखाली परवान्याने होता, पण जनरेटरशेजारच्या टाक्या रिवाजाप्रमाणे ९९० च्याच घेतल्या होत्या.

एका २,००० केव्हीएच्या जनरेटरला जवळजवळ पूर्ण भारावर तासाला पावणेचारशे ते चारशे लिटर डिझेल लागतं. म्हणजे भरलेली टाकी अडीच तास. त्यानंतर जे काही चालतं ते मोठ्या टाकीतून डिझेल आणणाऱ्या दोन पंपांच्या जिवावर. कोटीकोटींच्या यंत्रांचं आयुष्य अडीच तासांनंतर या दोन छोट्या पंपांवर येतं, आणि बहुतेक ठिकाणी जनरेटरची चाचणी अर्ध्या-एक तासात आटोपते.

मूळ आराखड्यात पंपांचं पॅनेल जनरेटर यार्डात होतं. परवान्याच्या नकाशात सुरक्षित अंतरं मांडताना डिझेलचा साठा प्लॉटच्या पुढच्या कोपऱ्यात, गेटजवळ सरकला. पंप साठ्यापाशी गेले, पॅनेल पंपांबरोबर गेलं. डिझेलवाल्याच्या करारात लिहिलं होतं: पॅनेलपर्यंतचा वीजपुरवठा इतरांकडून. इलेक्ट्रिकलवाल्याच्या करारात लिहिलं होतं: जनरेटर यार्डातल्या सर्व पॅनेलना पुरवठा. पॅनेल यार्डातून बाहेर पडलं त्या दिवशी ते दोन्ही करारांतून बाहेर पडलं.

चौथ्या पायरीच्या चाचणीला पंप चालवून दाखवायचे होते. डिझेलवाल्याच्या माणसाने गेटवरच्या वॉचमनच्या खोलीतल्या टेंपररी बोर्डवरून केबल ओढली. पंप चालले, टाकी भरली, तक्त्यावर टिकमार्क पडला. कायमचा पुरवठा आल्यावर टेंपररी मीटर सोडून दिला आणि वॉचमनची खोली सर्व्हिस ब्लॉकच्या साध्या मेन्सवर, म्हणजे जनरेटरचा आधार नसलेल्या बाहेरच्या विजेवर, घेतली. खोलीतल्या पंखा-दिव्याबरोबर पंपांचं पॅनेलही तिकडे गेलं. ३३ केव्ही वेळेत आली असती तर पॅनेलला कायमचा पुरवठा कुठून, हा प्रश्न चौथ्या पायरीलाच विचारला गेला असता. टेंपररी वायरने तो झाकून ठेवला.

पाचवी पायरी

पाचव्या पायरीसाठी हॉलमध्ये सर्व्हरच्या जागी लोड बँक, म्हणजे मोठे हीटर, लावले होते. २ मेगावॉट पूर्ण. ते भाड्याने मागवावे लागतात आणि त्यांच्या तारखा आधी घ्याव्या लागतात. त्या दिवशीचा खेळ असा होता: तीनपैकी एक जनरेटर दुरुस्तीला काढला आहे असं धरायचं, आणि त्याच अवस्थेत बाहेरची वीज घालवायची.

३३ केव्हीचा ब्रेकर उघडला. यूपीएसने भार धरला, दोन जनरेटर सुरू होऊन एकमेकांशी जुळले, चिलर क्रमाने परत उठले. इथेच बहुतेकांना धास्ती होती, कारण चिलर परत थंड पाणी द्यायला काही मिनिटं घेतो आणि तेवढ्यात हॉल तापतो. त्यासाठी गार पाण्याची साठवण टाकी होती आणि पाण्याचे पंप यूपीएसवर होते. तापमान थोडं चढलं आणि उतरलं. नियंत्रण कक्षात हात मिळवून झाले. कुणीतरी वडापाव मागवले.

सव्वा तासाने टाक्या निम्म्यावर आल्या. इथे पंप आपोआप सुरू व्हायला हवे होते. बीएमएसने, म्हणजे इमारतीची यंत्रणा सांभाळणाऱ्या संगणकाने, आज्ञा दिली. पडद्यावर काहीच लाल झालं नाही, म्हणून कुणाचं लक्ष गेलं नाही. पावणेदोन तासांनी 'लो लेव्हल'चा अलार्म वाजला. बीएमएसवर बसलेल्या पोराने आलेख उघडला, तर पातळी एका सरळ रेषेत उतरत आलेली, कुठेही वर गेलेली नाही. उरलेलं डिझेल पाऊण तासाचं.

दोघं टॉर्च घेऊन गेटकडे धावले. पंपांच्या पॅनेलवर एकही दिवा नाही. शेजारी वॉचमन अंधारात खुर्ची टाकून बसलेला.

"लाइट तर तुम्ही चालू केलं तेव्हाच गेली साहेब. मला वाटलं तुमच्या टेस्टिंगमधलंच आहे."

त्याला ते पावणेदोन तास आधीपासून माहीत होतं. बीएमएसला माहीत नव्हतं, कारण पॅनेलचा 'ट्रिप' संकेत असा जोडलेला होता की बिघाड झाला तर संपर्क मिटेल. वीजच गेल्यावर मिटणार काय? पडद्याच्या दृष्टीने पंप 'बंद' होता, 'बिघडलेला' नव्हता. आणि आज्ञा देऊनही पंप फिरला का, हे तपासणारी अट कुणी घातलीच नव्हती.

मालकाच्या प्रतिनिधीने लगेच सुचवलं की जवळच्या पॅनेलवरून केबल ओढा, पंप चालू करा, चाचणी पुढे न्या. हस्तांतराची तारीख डोक्यावर होती, त्याचं चूक नव्हतं. चाचणीप्रमुखाने नकार दिला. त्याचं म्हणणं असं, की केबल ओढून पास केलं तर पास काय झालं? केबल घेऊन उभा असलेला वायरमन. वीज परत घेतली, नापास लिहिलं, लोड बँक परत गेले.

त्या संध्याकाळी बैठकीत आवाज चढले. इलेक्ट्रिकलवाला आपला करार दाखवत होता, डिझेलवाला आपला, आणि दोघांचेही कागद बरोबर होते. अशा वेळी दोषी शोधण्यात दिवस जातात. माझ्या मते इथे जबाबदारी ज्याने पॅनेलची जागा हलवणारा नकाशा पुढे पाठवला आणि सिंगल लाइन डायग्राम, म्हणजे वीजजोडणीचा नकाशा, काढणाऱ्याला कळवला नाही त्या समन्वयाची, म्हणजे प्रकल्प व्यवस्थापनाची होती, कंत्राटदारांची नव्हे. पैसेही शेवटी त्याच खात्यातून गेले.

दुरुस्ती

दुरुस्ती साधी नव्हती, कारण नुसती केबल बदलून भागणार नव्हतं. दोन पंप होते, पण दोघांना एकच पॅनेल. म्हणजे पॅनेल दुरुस्तीला काढलं की दोन्ही पंप गेले, आणि कुठलाही एक भाग काढला तरी काम चालू राहिलं पाहिजे ही तर टिअर तीनची मूळ अट. म्हणून दोन पॅनेल केली, एक 'ए' बाजूच्या जनरेटर-पुरवठ्यावर, दुसरं 'बी'वर. रस्त्याखाली रिकामे पाईप टाकून ठेवले होते, 'ए'ची केबल त्यातून गेली. 'बी' त्याच पाईपातून नेली असती तर जेसीबीच्या एका फटक्यात दोन्ही गेल्या असत्या, म्हणून ती कंपाउंडच्या कडेने पाषाण फोडत नेली. ट्रिपचा संपर्क उलटा केला, वीज गेली तरी आता पडदा लाल होतो. आज्ञा दिल्यावर ठरावीक सेकंदांत पंप फिरला नाही तर वेगळा अलार्म. आणि एक हातपंप. तो स्वस्त आहे आणि त्याला कुणाच्या वीजपुरवठ्याची गरज नाही.

लोड बँकांच्या तारखा परत मिळेपर्यंत थांबावं लागलं. दुसऱ्या वेळी चाचणी सुरुवातीपासून घेतली आणि टाकी दोनदा भरून जाईपर्यंत चालवली. किरकोळ यादी निघाली, ती नेहमीचीच.

दुसरा टप्पा

दुसऱ्या टप्प्यासाठी करारांच्या मसुद्यांत बदल झाला आहे. 'इतरांकडून' असं लिहायचं असेल तर त्या इतरांचं नाव त्याच ओळीत लिहायचं, आणि त्यांच्या करारात तीच ओळ दिसली पाहिजे. एका मोठ्या तक्त्यात प्रत्येक केबल, पाईप आणि सिग्नल वायरची दोन टोकं आहेत आणि दोन्ही टोकांपुढे माणसाचं नाव. कुठल्याही पॅनेलची जागा दोन मीटरपेक्षा जास्त हलली की तो तक्ता परत उघडायचा. टेंपररी पुरवठ्याला पिवळी टेप आणि उतरवायची तारीख लावायची, आणि ती उतरवल्यावर त्यावर चाललेली चाचणी बाद समजून परत घ्यायची. ही शेवटची अट कंत्राटदारांना जाचक वाटते. ती तशी आहेच.

वेळापत्रकात या वेळी सिंहस्थ कुंभमेळा आहे. ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला, पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला. त्याच्या आधीची सगळी मुदत रस्ते, पूल, घाटांच्या कामांची, म्हणजे खडी, रेडीमिक्स, क्रेन आणि माणसं यांना शहरात आधीच मागणी. आणि स्नानांच्या दिवसांत वीस टनी जनरेटर घेऊन ट्रेलर नाशिकमधून दिंडोरीकडे आणण्याचा विचारच नको. म्हणून अवजड माल सिंहस्थाच्या गर्दीआधी साइटवर उतरवून झाकून ठेवायचा, आणि ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये फक्त आतली जोडणी चालवायची, असं मांडलं आहे. यंत्रं महिनोन्‌महिने पडून राहिली तर त्यांच्या वॉरंटीचं काय, यावर पुरवठादारांशी अजून घासाघीस चालू आहे.

दुसरी ३३ केव्ही केबल वेगळ्या सबस्टेशनवरून घ्यायची की नाही, यावरही एकमत नाही. रस्ता खोदायचा अर्ज मात्र या वेळी दिवाळीच्या आधीच दिला. ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरच्या ऑर्डर गेल्या आहेत. बांधकामाचं टेंडर अजून निघायचं आहे.